आठ मिनिटांच्या फिल्मचे आवाज

पुण्यात आमचा पाच जणांचा ॲनिमेशनचा गट आहे. जाहिराती, शाळेचे धडे, कधी एखाद्या संस्थेची छोटी फिल्म, अशी कामं येतात. बाकीचे चित्रं काढतात. मी पैसे, तारखा आणि कागद सांभाळते. दोन वर्षांपूर्वी एका सामाजिक संस्थेनं आम्हाला आठ मिनिटांची फिल्म करायला दिली. मुळशीतली एक आजी, तिची नात आणि घरातलं जातं, एवढीच गोष्ट. फिल्म झाली, लोकांना आवडलीही. पण चित्रांपेक्षा जास्त वेळ आवाजांनी खाल्ला. असं काम करणारे आता गावोगावी आहेत, म्हणून जे झालं ते क्रमानं सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यानं शूटिंग केलं की काही आवाज आपसूक येतात. ॲनिमेशनमध्ये काहीच येत नाही. दाराची कडी, पावलं, भांडी, खोकला, सगळं कुठून तरी आणावं लागतं. शिवाय संवाद आणि गाणी आधी रेकॉर्ड होतात आणि चित्रं त्यांच्यावर बेततात. सेकंदाला २४ फ्रेम असतात. आम्ही दोन फ्रेमना एक चित्र काढतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ओठ, मान, हात, सगळं आवाजाच्या मापानं हलतं. त्यामुळे आवाज बदलला की चित्रं पुन्हा काढावी लागतात.

आमची पहिली अडचण इथूनच आली. स्टोरीबोर्ड झाल्यावर चित्रं कच्च्या स्वरूपात वेळेवर लावून बघतात, त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. दिग्दर्शकानं त्यात ‘तात्पुरतं’ म्हणून एक जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं भावगीत लावलं. आजी दळतेय, नात झोपेतून उठतेय, खिडकीतून ऊन येतंय, आणि मागे ते गाणं. संस्थेच्या बाईंनी बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्यानंतर ते गाणं तात्पुरतं राहिलंच नाही. गाणं ७० सेकंदांचं होतं. म्हणजे ८४० चित्रं. त्यातली निम्मी रंगवून झाली तेव्हा मी परवानगीचा विषय काढला. तोवर सगळे गृहीत धरून चालले होते की एवढं जुनं गाणं आता कुणाचं असणार!

आमच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. त्यांनी तासभर समजावलं, त्यातलं मुख्य सांगते. गाणं ही एक वस्तू नसते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तिन्ही वेगळी धरली आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. त्यांनी गीतरामायणाचं उदाहरण दिलं. ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये लागलं, म्हणून लोक ते जुनं आणि मोकळं समजतात. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चालीचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. माझ्या नातवंडांनाही परवानगी मागावी लागेल, असं मी म्हटलं तेव्हा त्या हसल्या.

मग आम्ही मालक शोधायला लागलो. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे. गाणं कुणाच्या नावावर आहे हे त्यांच्या यादीत बघता येतं. गाणं चित्रांना जोडायची परवानगी मात्र हक्कदारांकडूनच घ्यावी लागते. ध्वनिमुद्रण एका मोठ्या कंपनीकडे होतं. त्यांचं उत्तर यायला बराच वेळ गेला. आकडा आला तो आमच्या फिल्मच्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा होता, आणि तोही फक्त एका वर्षासाठी, फक्त इंटरनेटवर. त्यात शब्द आणि चाल धरलेली नव्हती.

या काळात सल्ले भरपूर मिळाले. दहा सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं, असं एकानं सांगितलं. असा काही नियम नाही. खाली ‘हक्क मूळ मालकांचे’ असं लिहा, असं दुसऱ्यानं सुचवलं. त्यानं परवानगी मिळत नाही, उलट गाणं आपलं नाही हे आपणच लिहून देतो. संस्थेचं काम आहे, नफा नाही, मग काय हरकत, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. कायद्यात रास्त वापराची सवलत आहे, पण ती खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी अशा कामांना. आमची फिल्म त्यात बसत नव्हती. दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊ, हा सगळ्यांत लाडका तोडगा. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली की रॉयल्टी भरून नवी आवृत्ती काढायची सोय कायद्यात आहे. ती आवृत्ती ऑडिओ म्हणून काढता येते, पण फिल्मच्या चित्रांना जोडायला ती सोय लागू पडत नाही. शब्द आणि चालीची परवानगी राहतेच.

दिग्दर्शक तरी अडून होता. त्याला मी निना पेलीची गोष्ट सांगितली. ही अमेरिकन ॲनिमेटर. तिनं रामायणावर ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ ही अख्खी फिल्म जवळजवळ एकटीनं काढली, २००८ मध्ये ती आली. तिची सीता ॲनेट हॅनशॉ या गायिकेच्या १९२० च्या दशकातल्या गाण्यांवर गाते. तिथेही हाच घोळ झाला. रेकॉर्ड जुन्या, पण गाण्यांच्या शब्द-चालींचे मालक अजून चालू असलेल्या कंपन्या. सुरुवातीला मागितलेली रक्कम तिच्या आवाक्याबाहेर होती. शेवटी सुमारे ५० हजार डॉलर द्यायचं ठरलं, त्यासाठी तिनं कर्ज काढलं. पुढे तिनं फिल्म लोकांना फुकट वाटली. ती गाजली हे खरं. पण कर्ज फेडायची तयारी आमच्या दिग्दर्शकाची नव्हती आणि माझी तर अजिबात नव्हती.

गाणं गेलं. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मला वाईट वाटलं, कारण गाणं खरंच तिथे शोभत होतं.

त्याच्या जागी काय, हा प्रश्न खरं तर चित्रानंच सोडवला. जातं समोर होतं, मग ओवीच. पारंपरिक ओव्यांचा कर्ता कुणी एक नसतो, त्यांचे शब्द मोकळे असतात. पण कुणीतरी रेकॉर्ड केलेली ओवी मोकळी नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आता पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता येतात, आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव-गाव दिलेलं असतं. ते ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की ‘लोकगीत’ म्हणून आपण बाईचं नाव किती सहज पुसतो. संग्रहातलं रेकॉर्डिंग परस्पर उचलायचं नाही आणि आपल्या गोष्टीसाठी आपणच रेकॉर्ड करायचं, असं आम्ही ठरवलं.

संस्थेच्या ओळखीनं मुळशीतल्या एका आजींकडे गेलो. सत्तरीच्या पुढच्या. जातं ओसरीवर होतं, पण रोजच्या वापरात नव्हतं. त्यांनी खुंटा ठोकून घेतला, मूठभर ज्वारी टाकली आणि सुरू झाल्या. आम्ही आधी करार दाखवावा की आधी ऐकावं, यावर गाडीत वाद झाला होता. वकीलबाईंनी सांगितलेलं आम्ही पाळलं. आधी बोललो. फिल्म काय आहे, कुठे दाखवणार, मोबाइलवर कुणीही बघू शकेल, पैसे किती देणार, हे सगळं सांगितलं. कागद मराठीत होता, एक पान. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या नातवानं मोठ्यानं वाचला. आजींनी एकच विचारलं, “माजं नाव येईल का त्यात?” येईल म्हटलं. “आन् गावाचं?” तेही येईल.

कलाकाराचं नाव देणं ही आमची मेहेरबानी नव्हती. गाणारा, वाजवणारा, बोलणारा, सगळ्यांना कायद्यानं कलाकाराचे हक्क आहेत. नाव देण्याचा हक्क त्यात आहे, आणि आपल्या कलेची मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचाही. हा कलाकाराचा हक्क ५० वर्षं चालतो. पुष्कळ जण लोककलाकाराला शाल-श्रीफळ देतात आणि रेकॉर्डिंग घेऊन जातात. शाल म्हणजे परवानगी नव्हे.

आजी तासभर गायल्या. निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं. एका ओवीत सासरच्या जाचाचं होतं, आणि गाता गाता त्यांनी स्वतःच्या घरातलं एक नाव त्यात गुंफलं होतं. “ती घालू नगंस लेकी. सून ऐकंल.” आमच्या ध्वनीवाल्या मित्राला नेमकी तीच ओवी सगळ्यांत आवडली होती. कागदावर सही, म्हणजे अंगठा, झालेला होता. कायद्यानं कदाचित वापरता आली असती. आम्ही ती त्यांच्यासमोर फोनवर काढून टाकली आणि पुण्यात आल्यावर मूळ फाइलमधूनही पुसली. फिल्म पक्की करण्याआधी त्यांचा भाग नातवाच्या मोबाइलवर पाठवला. त्यांनी ऐकून होकार कळवला, मगच पुढे गेलो. पैसे त्याच दिवशी दिले होते. ‘फिल्म झाली की देऊ’ हे वाक्य अशा घरांनी फार वेळा ऐकलेलं असतं.

चित्रांचं काय झालं, ते सांगायला हवं. भावगीतावर बेतलेल्या रंगवलेल्या चित्रांपैकी बरीच वाचली, कारण त्यात आजी पाठमोरी होती. हाताची लय मात्र जमेना. जात्याचा फेरा संथ आणि थोडा अनियमित. आमच्या ॲनिमेटर मुलीनं हाताची चित्रं नव्यानं काढली. ती म्हणाली, “आता ती खरंच दळतेय असं वाटतं.” हे ऐकून दिग्दर्शक माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागला.

नातीचा आवाज हे वेगळंच प्रकरण. आमच्या एका मैत्रिणीची आठ वर्षांची मुलगी गोड बोलते, तिला घ्यायचं ठरलं. घरचीच मुलगी, त्यात कसली परवानगी, असं सगळ्यांना वाटत होतं. पण बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार लहान मुलाला दृक्श्राव्य कामात घ्यायचं तर निर्मात्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांहून जास्त सलग नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत जायला हवेत. अर्ज घेऊन गेले तेव्हा टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, “कार्टूनमध्ये मुलगी दिसणारच नाही, मग परवानगी कशाला?” मी नियमाची प्रत पुढे केली. परवानगी मिळाली, वेळ मात्र लागला.

रेकॉर्डिंगच्या वेळी एक प्रसंग मनाला लागला. नातीला घाबरून रडायचं होतं. मुलीला ते जमेना. ध्वनिमुद्रकानं गमतीनं म्हटलं, “हिची आई बाहेर गेली असं सांगू का?” मैत्रीण काचेपलीकडेच बसली होती. ती उठून आत आली, म्हणाली, “रडणं नको, मुलगी गप्प राहिली तर चालेल का?” चाललं. चित्रात नात गोधडीत तोंड लपवते. आमच्या धंद्यात मोठ्या बायका लहान मुलांचे आवाज उत्तम काढतात, ती जुनी रीत आहे. जिथे भीती, मारहाण, रडारड आहे तिथे मोठ्या कलाकारालाच घ्यावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मोठ्यांच्या आवाजांतही दोन गोष्टी झाल्या. गोष्टीत मापात मारणारा एक दुकानदार आहे. दिग्दर्शकानं त्याला खानदेशी ढंगात बोलायला लावलं होतं, विनोद म्हणून. आवाज देणारा कलाकार जळगावकडचा. त्यानं दोन वाक्यं बोलून दाखवली, मग थांबला. “दादा, आजी मुळशीची, नात मुळशीची, सगळं गाव मुळशीचं. लबाड माणूसच तेवढा आमच्याकडून का आणला?” स्टुडिओत शांतता. त्याचं बरोबर होतं. मग दुकानदारही मावळी बोलीतच बोलला. चित्रं अजून काढायची होती, त्यामुळे हा बदल फुकटात झाला.

त्याच कलाकारानं करारात एक ओळ घालायला सांगितली: माझा आवाज या फिल्मखेरीज कुठेही वापरायचा नाही आणि यंत्राला माझा आवाज शिकवायला वापरायचा नाही. मी ती ओळ आनंदानं घातली. आता आमच्या सगळ्याच करारांत असते. कारण त्याच सुमारास संस्थेच्या एका विश्वस्तांनी सुचवलं होतं की आजीला एका दिवंगत अभिनेत्रीचा आवाज द्या, एआयवर दहा मिनिटांत होतं, खर्चही वाचेल. होतं हे खरं. पण २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या बाजूनं आदेश दिला, त्यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करायला मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयानं तसाच दिलासा दिला. दिवंगत माणसाच्या बाबतीत कायदा इतका स्पष्ट नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मला कायद्याची गरजही वाटली नाही. जी बाई ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही, तिच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत. विश्वस्तांना मी एवढंच सांगितलं की तिच्या घरच्यांनी केस केली तर नाव संस्थेचं येईल. ते लगेच पटलं.

बारीकसारीक आवाज, म्हणजे पावलं, कोंबडा, एसटी, हे इंटरनेटवरून घ्यायचे असं ठरलं होतं. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ साली सुरू झालेलं फ्रीसाउंड हे संकेतस्थळ आमच्या मित्राला माहीत होतं. तिथे प्रत्येक फाइलवर परवाना लिहिलेला असतो. तो वाचावा लागतो. काही आवाज पूर्ण मोकळे, काहींना नाव द्यावं लागतं, काही व्यापारी कामाला चालत नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांखालचं संगीत घेताना आणखी एक खोच आहे. ‘बदल करू नये’ अशी अट असलेलं संगीत फिल्मला चालतच नाही, कारण संगीत हलत्या चित्राला जोडणं हाच त्या परवान्यात बदल मानला आहे. हे बहुतेकांना माहीत नसतं. आणि परवाना लिहिलेला आहे म्हणून खरा असतोच असं नाही. दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलेल्या कोंबड्याच्या आरवण्यामागे, आवाज मोठा केल्यावर, बारीक व्हायोलिन ऐकू आलं. कुणीतरी सिनेमातून कापून ‘फुकट’ म्हणून टाकलेलं होतं.

मग आम्ही बहुतेक आवाज स्वतःच रेकॉर्ड केले. कोंबडा मुळशीतच मिळाला. गोधडीचा आवाज माझ्या घरातल्या गोधडीचा. एसटीसाठी मित्र स्थानकावर गेला आणि उत्तम आवाज घेऊन आला, पण त्यात एक बाई फोनवर कुणाला तरी दवाखान्याचे रिपोर्ट सांगत होत्या, नावासकट. तेवढा तुकडा काढून टाकला. गर्दीचा आवाज घेताना गर्दीतल्या एखाद्याचं बोलणं शब्दन् शब्द कळत असेल तर ते ठेवू नये.

एका दृश्यात शेजारच्या घरात रेडिओ चालू आहे. तिथे संगीत सौभद्रातलं एक पद हवं होतं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तेव्हा शब्दांची चिंता नव्हती. एका संग्राहकांनी १९३० च्या दशकातली तबकडी ऐकवली. भारतात तिचा हक्क केव्हाच संपला. पण संस्थेला फिल्म अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळात दाखवायची होती. तिथे २०१८ च्या कायद्यानं १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण दिलं आहे. उगाच जोखीम नको म्हणून तेच पद एका तरुण गायिकेकडून पेटीवर गाऊन घेतलं, आणि मित्रानं त्यात तबकडीची खरखर मिसळली. संग्राहकांचे आभार तरीही मानले, त्यांनी चाल आणि लय समजावून दिली होती.

पार्श्वसंगीत करणाऱ्या मुलाशी करार करताना मी नेटवरचा तयार नमुना आणला होता. वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला. हक्क लेखी आणि सहीनिशी दिले जातात. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे पाच वर्षांनी आमचीच फिल्म आम्हाला दाखवता आली नसती, आणि परदेशात तर पहिल्या दिवसापासून नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं हिरावून घेता येत नाही. त्या नमुन्यात नेमकं तेच कलम होतं. ते काढलं, मुदत आणि ‘जगभर’ लिहिलं.

एवढं सगळं करूनही, फिल्म यूट्यूबवर चढवली आणि दुसऱ्या दिवशी क्लेम आला. एका परदेशी कंपनीचं म्हणणं की बासरीचा तुकडा त्यांचा. संगीतकार मुलगा रडवेला झाला. त्यानं बासरीचा तो तुकडा विकत घेतलेल्या ध्वनिसंचातला वापरला होता, पावती होती. अडचण अशी की तोच तुकडा जगात शेकडो लोक विकत घेतात. त्यातला कुणीतरी आपलं गाणं नोंदवतो आणि मग यूट्यूबचं यंत्र तो तुकडा त्याच्या एकट्याचा समजतं. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हे आधी समजून घ्या. क्लेममध्ये बहुतेक वेळा फिल्म दिसत राहते, जाहिरातीचे पैसे मात्र दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आमच्या आजीच्या ओवीआधी पंख्याची जाहिरात लागायला लागली. स्ट्राइक गंभीर असतो, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. आम्ही पावती आणि परवान्याची प्रत तयार ठेवून हरकत नोंदवली. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. त्यांनी क्लेम मागे घेतला. पुढच्या कामापासून बासरी वाजवायला माणूसच बोलावतो. थोडा महाग पडतो, पण त्याची सही घेता येते.

या वर्षी एका वाहिनीनं फिल्म मागितली. त्यांचं पहिलं पत्र चित्रांबद्दल नव्हतं, आवाजांच्या कागदांबद्दल होतं. माझ्याकडे एक तक्ता होता: कितव्या सेकंदाला कुठला आवाज, कुणी दिला, कुठला कागद, कुठे दाखवायची परवानगी, मुदत कधी संपते. दिग्दर्शक तो ‘ताईची वही’ म्हणून चेष्टेवारी न्यायचा. त्या वहीनं एका दुपारीत काम झालं. करारात ठरल्याप्रमाणे मुळशीच्या आजींना आणि संगीतकाराला त्यातला वाटा गेला. अडलं एकाच ठिकाणी. रेडिओवरचं पद गाणाऱ्या गायिकेला पेटीची साथ करणाऱ्या मुलाची सही राहिली होती, तो त्या दिवशी लवकर निघाला होता. आता तो दुबईत नोकरीला आहे. तीन ओळखीतून त्याचा पत्ता लागला, कागद कुरिअरनं गेला आणि सही होऊन परत येईपर्यंत वाहिनीनं पैसे थांबवून ठेवले.

तेव्हा तुमचं काम चालू असेल तर दोन गोष्टी कराच. ॲनिमॅटिकमध्ये परवानगी नसलेलं गाणं तात्पुरतंसुद्धा लावू देऊ नका. आणि रेकॉर्डिंग झालं की माणूस खोलीच्या बाहेर पडायच्या आत मराठीतल्या कागदावर त्याची सही आणि हातात त्याचे पैसे, दोन्ही उरका.